माथेरानचे अडीच किलोमीटर: ई-रिक्षाचा वाद सोप्या भाषेत

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. बातमी वाचून अनेकांची पहिली प्रतिक्रिया एकच होती: "म्हणजे? अजून माणूस माणसाला ओढत होता?" होय, ओढत होता. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत आणि कायद्याने दिलेल्या परवान्यावर.

यापुढचा प्रश्न मात्र अनेकांना सुटत नाही. बॅटरीवर चालणारी रिक्षा, म्हणजे ई-रिक्षा, आली तर हवा स्वच्छ राहील, माणसाचे कष्ट वाचतील, पर्यटकाचे पाय वाचतील. मग वर्षानुवर्षं कोर्टकचेरी का? घोडेवाले का चिडले? पेव्हर ब्लॉकवरून, म्हणजे रस्त्यावर बसवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवरून, याचिका कशाला? वर्तमानपत्रांत हे सगळं "पर्यावरण विरुद्ध विकास" अशा मथळ्याखाली येतं. माझ्या मते हा मथळा दिशाभूल करतो. भांडण आहे ते दस्तुरी नाका (जिथे गाड्या थांबतात) ते माथेरान बाजार या जेमतेम अडीच किलोमीटरवर कोणी कमवायचं, याचं.

आधी जागा समजून घेऊ

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात येतं. उंची साधारण ८०० मीटर. पायथ्याला नेरळ स्टेशन. नेरळहून टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि तिथे थांबते. तुमची स्वतःची गाडी असली तरी तिथेच लावायची. पुढे जायचे जुने मार्ग ठरलेले: पायी, घोड्यावर, हातरिक्षेतून, किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनच्या शटलने. पायी चालणाऱ्याला बाजार गाठायला पाऊण तास लागतो, सोबत लहान मूल आणि दोन बॅगा असतील तर जास्तच.

गावाची स्वतःची नगरपरिषद आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,३९३ होती. एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. शेती नाही, कारखाना नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे चढून आला, मागोमाग मुंबईच्या साहेबांचे आणि धनिकांचे बंगले उभे राहिले, आणि तेव्हापासून हे गाव पाहुण्यांवर जगत आलं आहे. बंगल्यांची नावं प्रवासवर्णनांत सापडतात. पाहुण्यांना वर घेऊन येणारे, त्यांचं सामान वाहणारे, पाणी भरणारे मात्र त्यात क्वचितच दिसतात. स्वातंत्र्यलढ्यात हुतात्मा झालेले वीर भाई कोतवाल याच गावात, एका नाभिक कुटुंबात जन्मले हे इथले लोक आवर्जून सांगतात, ते उगाच नाही.

वाहनबंदी कोणी आणि कशी घातली?

माथेरानात मोटारींना मज्जाव ही जुनीच रीत. तिला केंद्राच्या कायद्याचं पक्कं कुंपण मिळालं ते ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा परिसर "इको-सेन्सिटिव्ह झोन" म्हणून जाहीर केला. मराठीत याला पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणतात. इतका लांब शब्द पुन्हा वापरायला नको, आपण "झोन" म्हणू.

झोन म्हणजे अभयारण्य नव्हे. माणसांनी राहावं, हॉटेलं चालवावीत, घरं बांधावीत, हे सगळं चालतं. फक्त जमिनीचा वापर, झाडतोड, खाणकाम, नवं बांधकाम यांवर बंधनं असतात आणि ती पाळली जातात की नाही हे पाहायला एक देखरेख समिती असते. माथेरानच्या हद्दीत या बंधनांत वाहनबंदीही आली. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी असे मोजके अपवाद सोडले तर मोटार आत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा गुंता त्यातून निघाला. अधिसूचनेने "धूर सोडणारी वाहनं" रोखली नाहीत, "वाहनं" रोखली. २००३ साली बॅटरीवरच्या तीनचाकीचा विचार कोणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे पुढे ई-रिक्षा बाजारात आली तेव्हा ती कितीही स्वच्छ असली तरी कायद्याच्या लेखी ट्रक आणि ती एकाच रांगेत. तिला आत आणायचं तर न्यायालयाची परवानगी हवी.

बंदीच्या आड उभं राहिलेलं अर्थकारण

ऊस पिकवणाऱ्या गावात कालव्याचं पाणी कसं फिरतं ते आठवा. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याला पहिलं पाणी. शेपटाकडच्याने आभाळाकडे बघायचं. माथेरानचा पर्यटक हे असं पाणी आहे, आणि ते एकाच दारातून आत येतं: दस्तुरी नाका. नाक्यावर उभा असलेला घोडेवाला, हमाल, रिक्षावाला हे तोंडाशी. बाजारातला चिक्कीवाला, चपलांचा दुकानदार, खानावळ, पॉइंटवरची लिंबूसरबताची टपरी ही मधली आणि शेवटची शेतं. पर्यटकाच्या खिशातून नाक्यावर जितकं जास्त गळतं, तितकं बाजारात कमी पोहोचतं.

मार्च २०२५ मध्ये गावाने बेमुदत बंद पुकारला होता, तो याच कारणाने. तक्रार अशी की नाक्यावर काही जण पर्यटकांना चुकीची माहिती देतात, ट्रेन बंद आहे, ई-रिक्षा नाही असं सांगून वाट्टेल त्या दराने घोडा माथी मारतात, आणि एकदा फसलेला माणूस परत येत नाही. दुकानदार आणि हॉटेलवाले यांनी दुकानं बंद ठेवली. प्रशासनाबरोबर बैठक झाल्यावर बंद मागे घेतला गेला. बाहेरून पाहणाऱ्याला ही पर्यटकांच्या फसवणुकीची बातमी वाटली. खरं तर शेपटाकडचे शेतकरी तोंडाशी जाऊन भांडले, एवढाच त्याचा अर्थ.

माल वाहतुकीचंही तेच. गॅस सिलेंडर, भाजी, दूध, सिमेंटची गोणी, सगळं दस्तुरीला उतरतं आणि तिथून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर गावात जातं. प्रत्येक हाताची मजुरी वस्तूच्या किमतीत चढते. नेरळच्या भावात माथेरानला काही मिळत नाही याची कुरकुर पर्यटक करतात. गावकरी तर बाराही महिने तोच भाव देतात.

मग हातरिक्षा इतकी वर्षं टिकली कशी?

माथेरानच्या हातरिक्षा परवानाधारक होत्या, एकूण ९४. पुढे एक जण दांडी धरून ओढायचा, चढावर मागून एक किंवा दोघे ढकलायचे. वृद्ध, गुडघेदुखीवाले, गरोदर बाई, घोड्याला घाबरणारे पर्यटक ही त्यांची गिऱ्हाइकं. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ. या कामात चाळिशीतच माणूस थकतो.

टिकण्याचं कारण सांगताना "परंपरा" वगैरे शब्द वापरले जातात, ते सोडून द्या. कारण साधं आहे. दुसरं वाहन आणायला बंदी होती. झाडं वाचवायला केलेल्या नियमाचा एक परिणाम असा झाला की ओझं ओढायला माणूस आणि घोडा एवढेच पर्याय उरले. नियम करणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता, पण ज्याचे खांदे दुखत होते त्याला हेतूशी काय घेणं? म्हणूनच ई-रिक्षेची मागणी पर्यटकांच्या नव्हे, हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूने लावून धरली गेली. हा तपशील बातम्यांत नेहमी हरवतो.

न्यायालयात काय काय झालं?

हे प्रकरण १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू असलेल्या, "गोदावर्मन" नावाने ओळखल्या जाणाऱ्या जंगलविषयक खटल्यात आलं. देशभरातले वनांचे असंख्य प्रश्न या एकाच खटल्याच्या पोटात घेतले गेले आहेत. त्यात माथेरानही.

मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोग म्हणून ई-रिक्षा चालवून बघायला परवानगी दिली. त्याच वर्षी डिसेंबरात सात गाड्यांनिशी तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. शाळेतली मुलं, म्हातारी माणसं, नोकरदार यांनी गाड्या भरून वाहिल्या. तांत्रिकदृष्ट्या चढावर गाडी चढते की नाही ही शंका तिथेच मिटली.

मग दुसरा प्रश्न पुढे आला: गाडी कोणाची? परवाना खऱ्या हातरिक्षावाल्याला मिळणार, की ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला? हे वाटप पुन्हा न्यायालयापुढे गेलं, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर ठेवून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असं बजावलं.

ऑगस्ट २०२५ चा आदेश तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाचा. माणसाने माणसाला ओढणं हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे आणि राज्यघटना लागू होऊन पंच्याहत्तर वर्षं झाल्यावरही ते चालू राहावं हे दुर्दैवी, असं न्यायालयाने म्हटलं. अमृतसरच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या १९८० च्या निकालाची आठवणही दिली. तो खटला सायकलरिक्षांचा होता. रिक्षा चालवणारा स्वतःच तिचा मालक व्हावा, भाड्याच्या रिक्षेवर दुसऱ्यासाठी घाम गाळू नये, हा त्याचा गाभा.

बंदीपेक्षा मला आदेशाचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. गुजरातेत केवडियाला, सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात, स्थानिक आदिवासी महिलांना भाड्याने ई-रिक्षा चालवायला दिल्या जातात. त्या धर्तीवर महाराष्ट्र सरकारने गाड्या विकत घ्याव्यात, हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात, खरे रिक्षावाले कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावं, आणि गाड्या उरल्या तर परिसरातल्या आदिवासी महिलांना व इतरांना द्याव्यात. निधी नाही ही सबब चालणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं आहे.

सरकारने गाड्या का घ्यायच्या? ज्याला हवी त्याने कर्ज काढावं

हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो. पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला बँक कर्ज देताना तारण मागते. तारण ज्याच्याकडे असतं तो हातरिक्षा ओढत नाही. म्हणजे खुल्या बाजारात गाडी घेणार हॉटेलमालक किंवा एखादा ठेकेदार, आणि काल रिक्षा ओढणारा उद्या त्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर. नशीब चांगलं असेल तर. घाम जाईल, पण फेरीचा पैसाही दुसऱ्याच्या गल्ल्यात जाईल. गाडीची मालकी सरकारकडे आणि फेरीची कमाई चालकाकडे ही रचना हा धोका टाळण्यासाठी आहे. ती नीट चालेलच असं नाही. गाडी बिघडली तर दुरुस्ती कोणी करायची, बॅटरी संपल्यावर नवी कोणाच्या खर्चाने, भाडं रोजचं की महिन्याचं, सीझन नसताना सवलत मिळणार का, या रटाळ वाटणाऱ्या कलमांवर सगळं अवलंबून आहे.

हिशेबाचीही एक अडचण आहे. वीस गाड्या आणि ९४ परवाने म्हटलं तर एका गाडीमागे जवळपास पाच माणसं येतात. गाड्या वाढल्याशिवाय पाळ्या लावाव्या लागणार. शिवाय परवाना एकाच माणसाच्या नावावर असतो. मागून ढकलणाऱ्याचं नाव कोणत्याच कागदावर नसण्याची शक्यता मोठी. पुनर्वसनाची यादी परवान्यावरून केली तर ही मागची माणसं बाहेर राहतात. समितीसमोरचं सगळ्यात अवघड काम हेच असणार.

धूर नाही, आवाज नाही, मग पर्यावरणवाल्यांची हरकत काय?

हरकत रस्त्याची आहे, गाडीपेक्षा जास्त. माथेरानच्या वाटा लाल मातीच्या, जांभ्या दगडाच्या पठारावरच्या. पावसाचं पाणी उतारावरून माती घेऊन पळतं, झाडांची मुळं उघडी पडतात, घोड्यांच्या टापांनी उरलेली माती सुटी होते. अशा खडबडीत, चरे पडलेल्या चढावर ई-रिक्षा चालत नाही. तिला सपाट, टणक पृष्ठभाग हवा. म्हणून पेव्हर ब्लॉक. आणि ब्लॉक आले की पाणी मुरण्याऐवजी वाहतं, लाल वाट गायब होते, गावाचा चेहरा कोणत्याही शहरी उपनगरासारखा होतो. शिवाय टणक रस्ता एकदा झाला की त्यावर आणखी वाहनं आणायचा मोह होतो, ही भीतीही खोटी नाही. आज ई-रिक्षा, उद्या हॉटेलची खासगी इलेक्ट्रिक गाडी, परवा आमदारसाहेबांची.

न्यायालयाने यावर मधला मार्ग काढला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर नाहीत. म्हणजे शार्लोट तलावाकडे किंवा पॅनोरमा पॉइंटकडे निघालात तर पायाखाली मातीच असेल. मला ही रेघ पटते. फक्त ती रेघ पाळली जाते का, हे पाहणारे डोळे गावातलेच हवेत. मुंबईतून कोणी रोज बघायला येणार नाही.

घोडेवाल्यांचं काय?

ई-रिक्षाचा थेट फटका त्यांनाच. माथेरानात चारशेहून अधिक घोडे आहेत आणि प्रत्येकामागे एक घर. हातरिक्षावाल्याला निदान गाडी मिळण्याची आशा आहे, घोडेवाल्याला या आदेशात काही नाही. घोडा सीझन नसतानाही खातो. चारा, नाल, औषध, सगळं चालूच. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात ही त्यांची तक्रारही पोकळ नाही, गुळगुळीत उतारावर नाल टिकत नाही हे कोणीही सांगेल.

दुसरी बाजूही आहे. लिदीची धूळ श्वासातून जाते, पाण्यात जाते, आणि मार्चच्या बंदचा रोख ज्या नाक्यावरच्या घासाघिशीवर होता, तिच्यात काही घोडेवाल्यांचा हात होता. प्रामाणिक घोडेवाला दोन्हीकडून मरतो. मला वाटतं घोड्यांचं खरं भविष्य नाका ते बाजार या फेरीत नाही, पॉइंट दाखवण्यात आहे. लुईझा पॉइंट, एको पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट या भागात ई-रिक्षा जाणार नाही आणि जाऊही नये. तिथला दर ठरलेला, फलकावर लिहिलेला आणि पावती मिळणारा असेल तर पर्यटकही खुशीने घोडा घेईल. पण नाक्यावरची रोजची खात्रीची फेरी सोडा आणि पॉइंटच्या बेभरवशाच्या फेरीवर जगा, हे शहरात बसून लिहिणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे.

मिनी ट्रेन आहे ना, तीच वाढवा

हे बऱ्याच जणांना सुचतं. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून. रूळ दोन फूट रुंदीचे, वळणं तीव्र, गाडी हळू. तिचं आकर्षणच या संथपणात आहे. पण रोजच्या वाहतुकीसाठी हाच संथपणा आड येतो. जुलै २००५ च्या पावसाने ही लाइन वाहून गेली आणि २००७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्याने थांबली, २०१९ च्या पावसात पुन्हा खचली आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरात परत धावली. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो, वरची शटल तेवढी चालू राहते. शटलच्या डब्यांत माणसं मावतात तेवढीच. सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

पर्यटकांचं झालं, गावकऱ्यांचं?

सगळ्या चर्चेत पर्यटक मध्ये असतो आणि गावात राहणारा कडेला. दप्तर पाठीला लावून शाळेपर्यंत चालणारी मुलं, रात्री-अपरात्री कळा सुरू झालेली बाई, नेरळला उपचाराला जाणारे वृद्ध, पायथ्याच्या वाड्यांमधून डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्या ठाकर-कातकरी बाया. यांच्यासाठी ई-रिक्षा ही सोय आहे, चैन नाही. प्रयोगाच्या काळात स्थानिकांनी तिला उचलून धरलं ते म्हणूनच.

आता गाड्या मोजक्या आणि सीझनच्या शनिवारी हजारो पाहुणे नाक्यावर उभे, अशा वेळी पुढची फेरी कोणाची? एका फेरीत चार पर्यटक पूर्ण भाडं देणार, आणि शाळेतला मुलगा सवलतीचं. चालकाला महिन्याचं भाडं सरकारला भरायचं आहे. तो कोणाला आधी बसवेल हे सांगायला ज्योतिषी नको. ठरावीक वेळा गावकऱ्यांसाठी राखायच्या, की ठरावीक गाड्या, की दोन्हीसाठी एकच रांग, हे नगरपरिषदेने आणि समितीने लिहून काढून नाक्यावर लावायला हवं. सर्वोच्च न्यायालय हे ठरवून देणार नाही, त्याने द्यायलाही नको.